औषधाबरोबर आलेलं पथ्य

आमच्या घरी दोन वेळा भात शिजे, पण भातासोबत काय, हा प्रश्न रोजचा होता. पावसाळ्यात रानभाजी मिळायची. एरवी साजगावच्या यात्रेतून आणलेली सुकी मासळी पुरवून पुरवून खायची आणि तीही संपली की मीठ. आई गेली ती अशाच एका उन्हाळ्यात. सहा दिवस तिचं पोट साफ झालं नव्हतं. पलीकडच्या वाडीतल्या एका माणसाने जमालगोटा दिला. जुलाब लागले ते थांबेनात. मी तेव्हा पुण्यात परीक्षेचा पेपर लिहीत होतो. पत्र हाती पडलं तेव्हा दहावंही होऊन गेलं होतं.

पुढच्या वर्षी मी बी. ए. झालो. माझ्याआधी आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. कष्टाने मिळवलं आहे. पण पावसाळ्यात घरी आलो तर वडिलांना तेच दुखणं. चार-चार दिवस परसाकडे होत नसे. खाल्लं की पोट गच्च, म्हणून खाणंच तोडलेलं. कमरेचा करदोटा खाली घसरत होता. घर सांभाळायला माझी विधवा आत्या होती, आई असल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की वाडीतल्या त्याच माणसाला निरोप गेलाय, अमावस्या झाली की तो येईल.

मी हरकत घेतली. वडील म्हणाले, "तुझ्या आयचं आयुष्य सरलं व्हतं रं. त्याचा काय दोष?"

दोन दिवस वाद चालला. शेवटी त्यांनी मला आठ दिवस दिले. तेवढ्यात माझ्या औषधाने गुण आला तर ठीक, नाहीतर मी मध्ये पडायचं नाही.

कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांचं पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि पुढचं सगळं माझ्याशी इंग्रजीत बोलले. वडील बाजूला उभे राहून ऐकत होते. एक शब्द कळत नव्हता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला सांगू? कंपाउंडरने काळपट औषधाची बाटली भरली आणि तिच्यावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. येताना रस्त्याने मी वडिलांना सगळं समजावलं. निजताना एक खूण औषध घ्यायचं. पहिले दोन दिवस काहीच होणार नाही, म्हणून दुप्पट घ्यायचं नाही. मग पोटात मुरडा येईल, वारा धरेल, त्याला भ्यायचं नाही. लघवी तांबूस होईल, ते रक्त नव्हे. रोज सकाळी ठरल्या वेळेला बसायचं, कुंथायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं. उलटी झाली किंवा पोट दगडासारखं झालं तर तडक दवाखाना. जेवणाबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुरडा आला. चौथ्या दिवशी लघवी तांबूस झाली, आत्या घाबरली, आणि हे मी आधीच सांगितलं होतं असं मी तिला ऐकवलं. पण पोट काही सुटेना. एकदाच लेंड्यांसारखं थोडं झालं, तेही रडत रडत. सहाव्या दिवशी वडील भिंतीला धरूनच ओटीवरून उठले.

औषध सुरू झाल्यापासून आत्या त्यांना चुलीजवळ वेगळं वाढायची. मला ओटीवर पान मांडून. सातव्या दिवशी ती गवताला गेली होती, म्हणून मी वाढायला बसलो. त्यांच्या भातावर ताक ओतणार, तोच त्यांनी थाळीवर हात आडवा धरला.

"नको. पथ्य हाय."

कसलं पथ्य, मी विचारलं. तेव्हा कळलं. पहिल्या दिवसापासून ताक नाही, पाला नाही, तेल नाही, मीठ नाही. दोन मुठी मऊ भात, आणि दिवसाकाठी पेलाभर आटवलेलं पाणी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. आमच्याकडे घरात औषध आलं की पथ्य आलंच. माझं 'भरपूर पाणी' त्या दोघांनी औषध संपल्यानंतरसाठी असेल असं धरलं होतं.

मी चिडून म्हणालो, "बा, मला एकदा विचारायचं तरी."

"औषध तुझं हाय," ते म्हणाले. "माझ्या जिभेपायी ते वाया गेलं, तर लोक तुला हसतील."

माझ्या पदवीसाठी ते सात दिवस अर्धपोटी राहिले होते. मला तिथे बसवेना.

मी लगेच कर्जतला गेलो. डॉक्टर ऐकून म्हणाले, "पोटात पाणी नाही, पाला नाही, मग औषध ढकलणार काय? पथ्यबिथ्य काही नाही, खाऊ दे त्यांना." मी म्हटलं, असं चालायचं नाही. पथ्य नसलेलं औषध आमच्या घरात खरं धरत नाहीत. पथ्य द्या. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. उठल्यावर तांब्याभर पाणी. दोन्ही वेळेला पालेभाजी. दुपारी ताक. एकही चुकवायचं नाही. खाली त्यांनी सही केली.

आत्याला कागद वाचून दाखवला. हे मोडलं तर, तिने विचारलं. मोडलं तर औषध लागू पडणार नाही, मी म्हणालो. झालं. ती तांब्या घेऊन वडिलांच्या उरावरच उभी राहायला लागली.

"बैलाला पाजल्यासारखं पाजतेस की गं."

"बैल बरा. मुकाट पितो."

मुदत संपली त्या दिवशी वाडीतला माणूस आला. वडिलांनी त्याला बसवलं, तंबाखू दिली आणि सांगितलं, "आत्ता नाय. कालच नवं पथ्य लागलंय, मोडता येत नाय." तो उठून गेला.

दोन दिवसांनी सकाळी वडील बांधापलीकडे गेले आणि बऱ्याच वेळाने आले. पाय धुतले, आत्याकडे भात मागितला. आत्याने वाढलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

"वयनीला जुलाब लागलं," ती म्हणाली, "तवा पाण्याचा तांब्या मीच उचलून ठेवला व्हता. पथ्य म्हणून."

मी उठून तांब्या भरला आणि तिच्यापुढे ठेवला.

औषध पुढे दोन महिने चाललं. डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करत आणलं, मग बंद केलं. वडिलांचं पोट नेमाने साफ होऊ लागलं आणि दिवाळीच्या सुमारास ते विळा घेऊन कापणीला उतरले.