माझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर कुठे होते?

"ही बाइल डक्ट इंज्युरी आहे," गोव्याच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. बाइल डक्ट म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी. पित्ताशय काढताना माझी ती नळी कापली गेली होती आणि पित्त पोटात पसरत होतं.

"आधीचं ऑपरेशन कुणी केलं?"

मी आमच्या मालवणकडच्या मोठ्या सर्जनचं नाव सांगितलं. मागे उभी असलेली आई म्हणाली, "ते तर मधीच भायर गेले."

मला हे तेव्हाच कळलं. मला आत नेल्यावर थोड्याच वेळात सर्जन कपडे बदलून बाहेर आले आणि गाडीत बसून गेले; मला बाहेर आणलं ते त्यानंतर बऱ्याच वेळाने. आईला वाटलं, मोठा डॉक्टर, काम लवकर आटोपलं. ती जिन्यातच त्यांच्या पाया पडली. मी घरी आले तेव्हा बाबांनी होडीवरची सर्वांत मोठी सुरमई त्यांच्याकडे पोचवली. आमच्यात उपकार असेच मानतात.

पुढे डोळे पिवळे झाले, अंगभर खाज सुटली, ताप चढला. सर्जनना फोन केला तर "गॅस असेल" म्हणाले.

गोव्यात दुसरं ऑपरेशन झालं. आतड्याचा भाग वर ओढून यकृताच्या नळीला जोडला. पित्त बाहेर काढायला कुशीत घातलेल्या नळीला प्लास्टिकची पिशवी लोंबत होती. ती ओढणीखाली धरून मी आईबरोबर पोलीस ठाण्यात गेले.

चूक कुणाच्याही हातून होते, हे मला मान्य आहे. पण कागदावर ऑपरेशन करणारे म्हणून सर्जनचंच नाव होतं. मग आत कोण होतं? माझ्या पोटात कुणी हात घातला, एवढं मला कळायला हवं होतं.

"काकी, देवमाणसार केस घालतास?" हवालदार आईला म्हणाला.

"देव ऑपरेशन अर्ध्यार टाकून जाणा नाय, हवालदारानु."

निरीक्षक सर्जनच्या केबिनमध्ये जाऊन त्यांचा जबाब घेऊन आले. आईचा घेतलाच नाही. उलट तिलाच म्हणाले, "एवढा राग होता तर सुरमई कशी पाठवलीत?"

"माजा चेडू जगला असां वाटला म्हणान धाडलंय. पोटात काय करून ठेवल्यानी, ता माका तेवा खंय ठावक?"

यातलं काहीच लिहून घेतलं नाही.

बी.ए. झालेली घरातली मी पहिली. त्या शिक्षणाचा उपयोग तेव्हा झाला. मी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला, तोही डॉक्टरांविरुद्ध नव्हे, तपासाविरुद्ध. सर्जनना जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईचा जबाब का नाही, एवढंच विचारलं. बरेच हेलपाटे घातल्यावर तपास दुसऱ्या ठाण्याच्या एका बाई अधिकाऱ्यांकडे गेला.

त्या घरी आल्या. ओसरीवर बसून आईचं सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं.

"आता डॉक्टरांकाय असांच इचारतलास मां?" आईने विचारलं.

"ठाण्यात बोलावून विचारीन."

पोलिसांनी मागवलेला वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय अजून आलेला नाही. सर्जन अजून ऑपरेशनं करतात. माझी जोडलेली नळी पुढे आकसू शकते, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय. त्यांची आणि त्या अधिकाऱ्यांची मी ऋणी आहे. तुमचं माणूस ऑपरेशनला नेतील तेव्हा आत कोण आहे ते विचारा. त्यात उपकार विसरणं नाही.

मागच्या आठवड्यात तोच हवालदार आईला बाजारात भेटला.

"डॉक्टर इल्ले त्या मॅडमच्या ठाण्यात. बाकड्यार बसान होते."

"काय सांगल्यानी?"

"ता माका कोण सांगतला?"

"पण इचारल्यानी मां?"

"इचारल्यानी."

आई भाजी न घेताच घरी आली. मी झोपले होते. मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "गो, त्यांका इचारल्यानी."