बिनऔषधाच्या बश्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पेशीमामा म्हणत. काचेच्या बश्यांत मेंदूच्या पेशी वाढवायच्या, वेळेवर त्यांचं खाणं बदलायचं, ऊब सांभाळायची, यात सव्वीस वर्षं गेली. पोटी मूल नव्हतं. माया कुठेतरी लावावी लागतेच की.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचं औषध मोठं गुणी होतं. पेशीच्या केंद्रकात काही ग्राहक प्रथिनं, म्हणजे बाहेरचा निरोप झेलणारी, नुसती बसून असतात. औषध आत शिरून त्यांना कामाला लावी, आणि ती बचावाची जनुकं चालू करत. मग विष घातलं तरी पेशी तग धरी. "झोपलेल्या राखणदाराला हलवून उठवायचं, बस्स," मामा घरी बायकोला सांगत. तिचं विसरणं नुकतंच कुठे सुरू झालं होतं. शेवटची चाचणी जमली की औषध माणसांना देणार होते, पण दुखणं अगदी सुरुवातीला असलेल्यांनाच. बाईंनी यादीत तिचं नाव घातलंही होतं.

चाचणीच्या सकाळी स्वेटरची बटणं लावता लावता ती थांबली. "अहो, पुढे काय करायचं असतं?" मामांनी उरलेली बटणं लावून दिली.

तसेच ते कामावर आले. निम्म्या बश्यांना औषध द्यायचं, निम्म्या तशाच ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विष. तुलनेसाठी बिनऔषधाच्या पेशी मरायलाच हव्यात, हे मामाच नवख्यांना शिकवत आले होते. त्या दिवशी मात्र त्यांना बघवेना. त्यांनी त्याही बश्यांत औषधाचे थेंब सोडले. एवढा शहाणा माणूस, पण अक्कल गहाण ठेवली ती ठेवलीच!

दोन दिवसांनी सगळ्याच पेशी ठणठणीत. "विषच निकामी निघालं की काय?" बाईंनी कपाळाला हात लावला. नवं विष, नव्या पेशी, सगळं पहिल्यापासून. पाच महिने गेले. एका वाक्यात निस्तरलं असतं, पण भीतीपोटी मामा ते न बोलता नव्या बश्या मांडत राहिले.

औषध शेवटी पास झालं. बायकोला तपासून डॉक्टर म्हणाले, "आता यादीत नाही बसत त्या. तीन-चार महिने आधी हवं होतं, मामा."

घरी येऊन ते तिच्यासमोर बसले. बश्या, थेंब, ते गप्प राहणं, सगळं सांगून टाकलं आणि ढसाढसा रडले. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"रडू नका हो भाऊ," ती म्हणाली. "घरी जाऊन बायकोला सांगा सगळं. ती समजून घेईल."