बोरी अरबमधली मोकळी जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगते आहे, तेही नीट ठाऊक नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

कापसाचे वाईट दिवस होते ते. यवतमाळला एका छोट्या संस्थेत मी संगणक सांभाळायची. आमची माणसं गावोगाव जाऊन शेतकऱ्यांशी बोलायची, कॅसेटवर आवाज घ्यायची — बियाणं कसं निघालं, फवारणी कशी केली, घरात काय चाललंय. मी ते आवाज संगणकात उतरवायची आणि कॅसेट पुन्हा वापरायला परत द्यायची. म्हणजे आवाज राहायचा तो फक्त माझ्याकडे.

आमच्या संगणकाला हुकूम टाइप करून द्यावा लागे. त्यात एक साधी गोष्ट असते. नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत ठेवायचं. नाहीतर संगणक एका नावाची दोन नावं समजतो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच मोठ्या तोऱ्यात शिकवायची. नागपूरला कोर्स करून आले होते ना, डोक्यात हवा गेली होती.

तर, आवाजातली खरखर काढून झाली की कच्च्या आवाजांचा फोल्डर पुसायचा, यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या हुकमांची यादी, लिहिली. गावाचं नाव द्या, बाकी ती बघेल. कळंबला चालली, झकास चालली. मग दारव्ह्याकडच्या बोरी अरबची पाळी आली. नाव देताना मी अवतरणचिन्हं टाकली, अगदी आठवणीनं टाकली. पण स्क्रिप्टच्या आत तेच नाव पुसायच्या हुकमात पुन्हा येत होतं — तिथे चिन्हं नव्हती. तिथे मी ती दिलीच नव्हती.

संगणकानं दोन नावं वाचली. बोरी. आणि अरब. अरब नावाचं आमच्याकडे काही नव्हतं, तर तो गप्प राहिला. पण बोरी होतं. नुसती बोरी — वेगळं गाव, वेगळी माणसं. त्यांची खरखर अजून काढायची होती, दुसरी प्रत नव्हती. पाहते तर बोरी अरब जसंच्या तसं जागेवर, आणि बोरी नाहीच!

मी तेच तेच नाव शोधत राहिले. एक अख्खं गाव असं जातं? आवाज न करता?

त्या बोरीत देविदास होता. तरणा शेतकरी, भारी गप्पिष्ट. बियाणं विकणाऱ्याची नक्कल करताना स्वतःच इतका हसला होता की हेडफोन लावून मी एकटीच खुर्चीत हसत सुटले होते. मध्येच त्याची तान्ही पोर रडली तर तिला म्हणाला, "थांब ना वं माय, मी टेपात बोलून राह्यलो." पुढे फवारणी करताना विषबाधा झाली आणि तो गेला. आवाज पुसला त्या दिवशी तो जाऊन फार काळ लोटला नव्हता.

पण अवतरणचिन्हं विसरले ही माझी कबुली नाही. चूक कुणाच्या हातून होत नाही? कबुली याच्या पुढची आहे.

आमचा संगणक सलीमभाई बघायचे. बापाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, ते त्यांनी संगणकांवर आणलेलं. कामाला पक्के आणि तोंडाला फटकळ. आमच्या संस्थेच्या सरांनी त्यांना बोलावलं. आल्या आल्या त्यांनी मला एकच विचारलं —

"ताई, कोनं काई पुसलं-बिसलं तं नाई ना? खरं सांगजा. पुसलं असंल तं परत भेटू शकते, फक्त डिस्कले हात लावाचा नाई."

परत मिळू शकत होतं. ऐकताय ना? एक "हो" म्हणायचं होतं.

सर शेजारी उभे होते. मी म्हणाले, "नाही भाई, आपोआप गेलं."

"मंग डिस्कच खराब झाली," ते म्हणाले. त्यांनी उरलेली गावं दुसऱ्या डिस्कवर काढून घेतली आणि ही तपासायची म्हणून पूर्ण पुसायला लावली. पडद्यावर पट्टी हळूहळू भरत होती. ती भरेपर्यंत मी कधीही थांबवू शकले असते. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

पुढे देविदासची बायको सुशीला पोरीला घेऊन ऑफिसात आली. "फोटो हाय जी घरी," ती म्हणाली, "पन त्याइचा आवाज आयकाचा होता. पोरगी लहान होती, तिले काईच आठवत नाई."

सलीमभाई नेमके तिथेच होते. मी तोंड उघडायच्या आत तेच उठले. "माह्यी चूक झाली, बाई. डिस्क म्याच बसवली होती. माफ करजा." आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले! न केलेल्या पापाची माफी ते मागत होते, खऱ्या मनानं, आणि मी तिथेच बसून होते. सुशीला त्यांनाच समजावत होती, "तुमचा काय दोष भाऊ, मशीनच ते."

बऱ्याच वर्षांनी भाई बाजारात भेटले. "ताई, ते डिस्क मी दुकानातच लावली. आजून मस्त चालून राह्यली," ते म्हणाले. "मंग तवाच काहून बिघडली असंल?"

"काय माहीत, भाई," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

त्यांनी मान हलवली, घरच्यांची चौकशी केली आणि गेले.

पोरगी आता कॉलेजात जाते म्हणे. तिच्या बापानं तिला काय म्हटलं होतं, कसं हसत म्हटलं होतं, ते मला अजून कानात ऐकू येतं. तिला मात्र ते आता कधीच ऐकता येणार नाही.