बांगड्याचा वास

त्यांचं नाव मी बातमीत लिहिलं होतं. आता आठवत नाही. ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत बातमीदार होतो. त्या सकाळी हे पाहुणे बिशप मिरकरवाड्यात एका नव्या होडीला आशीर्वाद द्यायला आले. पांढरा झगा, कमरेला जांभळा पट्टा. चिखलातही ते झगा उचलून धरत नव्हते.

बिशपचा हात हातात घेऊन त्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायची रीत आहे. होडीवाल्याची म्हातारी आई मात्र हात पाठीशी लपवून मागे सरकली.

"नको फादर, हातांना बांगड्याचा वास हाय. झगा खराब व्हईल."

"अगो, पुढं हो," शेजारीण म्हणाली. "बिशप हायत ते, गिऱ्हाईक नाय!"

सगळे हसले. बिशप हसले नाहीत.

"माझी आईपण बांगडे विकायची, बाय. पाद्री व्हायला निघालो, तेव्हा नवे कपडे खराब होतील म्हणून तिनं मला जवळ घेतलं नाही. परत आलो, तेव्हा ती नव्हती."

म्हातारीने त्यांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. अंगठी राहूनच गेली.

कोणीतरी धावत साबण आणि पाण्याचा तांब्या आणला.

"राहू दे," बिशप म्हणाले, आणि तसेच होडीकडे वळले.