गंगाबाईची सावड

शाळेत खिचडी शिजवते म्हणून गंगाबाईला कुणी गरीब गाय समजू नये. वाढताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा आणि त्यातून मुख्याध्यापकही सुटत नसत. ताटलीत अन्न टाकणाऱ्या पोराची ती आईमाई काढायची. पण सोमवारी कुणी तिसऱ्यांदा ताटली पुढे केली, की चकार शब्द न काढता वाढायची. रविवारी त्याच्या घरी काय शिजलं असेल, ते तिला कळायचं. आठवीतली नम्रता दर सोमवारी तिसऱ्यांदा यायची.

त्या रविवारी कर्जतला नम्रताची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. पास झाली तर बारावीपर्यंत दरवर्षी पैसे मिळणार होते. गावातली शाळा आठवीपर्यंतच, आणि पैसे मिळाले नाहीत तर पुढं शिकवणार नाही, असं तिच्या आईनं, जयवंतानं सांगून टाकलेलं. मिलिंद गुरुजींनी टेंपो ठरवला होता. गंगाबाई पोरांसाठी चपाती-भाजी घेऊन नाक्यावर आली. बाकीची पोरं आली, नम्रता नाही.

"साडेदहाला गेट बंद होतं, मावशी," गुरुजी म्हणाले. "हिच्यासाठी सगळ्यांचं बुडेल."

"तुमी निघा. मी धाडते तिला."

ती बोलून गेली खरी. आदल्या दिवशी नम्रताला तिनं दहादा बजावलं होतं. रविवार मोकळा आहे का, हे जयवंताला मात्र विचारलं नव्हतं. विचारायला तिच्या दारात जावं लागलं असतं. गंगाबाई बौद्धवाडीतली, जयवंता वरच्या आळीतली. रस्त्यात बोलणं गोड, घरी जाणं-येणं नाही. लावणीला आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी कामाची सावड गावात चालते, तीही आपापल्या आळीपुरतीच. आपण उंबरा टाळला आणि पोरीचा घात झाला, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

जयवंताच्या घराला कुलूप होतं. गंगाबाई तशीच, जयवंता भांडी घासायला जायची त्या फार्महाऊसकडे धावली. तिथं कुणाच्या तरी लग्नाची हळद होती. जयवंताचा सासरा जिथं भात लावायचा, तिथं आता पोहायचा तलाव होता. मागे नळाजवळ नम्रता कोपरापर्यंत फेसात हात घालून टोप घासत होती. शेजारी बौद्धवाडीतली, सहावीत शिकणारी मनाली पेले विसळत होती.

"कुणी बसवलं गं हिला हितं?"

जयवंतानं पट्टी बांधलेला उजवा हात दाखवला. "मुरगळला ओ. घरातलं दुसरं मानूस नाय दिलं, तर नरेश काम दुसऱ्याला देतो. मंग खायाचं काय आमी?"

तोंडापर्यंत आलेली शिवी गंगाबाईनं गिळली आणि पदर खोचला. "ऊठ गं नम्रता. मी बसते."

जयवंता खाली बघत म्हणाली, "पन तुमची आमची सावड कदी झाली नाय, गंगाबाई."

"मंग आज झाली म्हण."

तेवढ्यात मॅनेजर नरेश मोटारसायकलची किल्ली फिरवत आला. "ही कुठं चालली? पाहुणे येतील आता!"

"तू कुठं चालला?"

"कर्जतला. बर्फ आणायला."

"मंग हिला मागं घे. भांडी मी घासते, हिच्या दुप्पट. नाय नेलंस, तर तुज्या पावन्यांसमोर गेटात बसून बोंबलीन बघ."

नरेशनं लहानपणी तिचीच खिचडी खाल्ली होती. ती बोंबलेल, याबद्दल त्याला शंका नव्हती. नम्रतानं फ्रॉकला हात पुसले, खिशातलं हॉलतिकीट चाचपलं आणि मागं बसली.

मोटारसायकल गेली आणि खरा जीव टांगणीला लागला. गंगाबाई टोपावर सगळा राग काढत होती. जयवंता एका हातानं भांडी पुढे सरकवत होती. नरेश परतला तो एकटाच.

"घेतलं का रं तिला आत?"

"गेटाजवळ सोडली. पुढचं नाय बघितलं. बर्फ वितळत होता ना!"

गंगाबाईनं हातातली घासणी त्याच्यावर भिरकावली.

दुपार कलली तेव्हा नम्रता आली. दोघींनी एकदमच मान वर केली.

"गेट लावत होते," ती म्हणाली. "गुरुजी मधे पाय घालून उभे होते. त्यांनीच आत ढकललं मला."

"आनि पेपर?"

"सगळा सोडवला, मावशी."

गंगाबाईला रडू फुटलं. साबणाच्या हातानं डोळे पुसले, तर ते आणखी झोंबले. जयवंता जवळ येऊन बसली.

"तुमची सावड ऱ्हायली आमच्याकडं. कदी फेडू?"

गंगाबाईनं मनालीकडे बोट केलं. "मला नको. हिची परीक्षा दोन वर्सांनी हाय. तवा तू बस हिच्या जागी."

जयवंतानं मनालीकडे पाहिलं. पाण्यानं पोरीची बोटं पांढरी पडली होती.

"दोन वर्सं कशाला थांबायचं?" म्हणत तिनं डाव्या हातानं मनालीच्या हातातला पेला काढून घेतला.