इंदूमावशींची खानावळ आणि माझा ‘हॉटेल’चा रकाना

इंदूमावशींचं नाव माझ्या यादीत दोन हॉटेलांच्या खाली आणि एका बँक्वेट हॉलच्या वर होतं. मी ते तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा मला काहीही खटकलं नव्हतं.

मी लोअर परळच्या एका कन्सल्टन्सीत एनर्जी ऑडिटर आहे. म्हणजे कुठली इमारत किती वीज आणि गॅस खाते ते मोजणारा माणूस. आणि स्वतःच्या घरचा गीझर बंद करायला विसरणारा, असं बायको पुढे जोडते.

तेव्हा आम्ही एका समितीसाठी कार्बनच्या किमतीचा आराखडा करत होतो. कल्पना सोपी आहे. गाडीत डिझेल जाळा नाहीतर इमारतीत गॅस; जितका धूर, तितका आकार, म्हणजे तितके जादा पैसे. पण सरसकट आकार लावला की गरीब माणूस आधी भाजतो. म्हणून जमलेल्या पैशातून कमी जाळणाऱ्या कुटुंबांना परतावा द्यायचा. आकार कोणाला आणि परतावा कोणाला, हे ठरवणारी यादी माझ्याकडे होती. ती मी खुर्चीवरून न उठता केली. गॅस कनेक्शन घरगुती असेल तर ‘कुटुंब’, कमर्शियल असेल तर ‘हॉटेल’. या फॉर्म्युल्याचं ऑफिसात दोन दिवस मी एकट्याने कौतुक केलं.

समितीची एक अट होती. आकार बसणाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा जणांना भेटून त्यांचं म्हणणं लिहून आणायचं. हॉटेलवाल्यांनी ईमेलवर निभावलं. इंदूमावशींचा ईमेल नव्हता, म्हणून भर दुपारी एक वाजता मी चिंचपोकळीला गेलो.

चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत शेगड्या, बाहेरच्या खोलीत जेवणाऱ्यांची पंगत, आणि पुढची पंगत गॅलरीत उभी. माझं मूळ घर गिरगावातल्या फणसवाडीतलं, कारकुनांचं. गिरणगावातल्या खानावळींबद्दल मी फक्त ऐकून होतो. गाव सोडून एकटे आलेले गिरणीकामगार अशाच बायकांकडे महिन्यावर जेवायचे. गिरण्या गेल्या, पण एकटी माणसं येतच राहिली. आता तिथे वॉचमन होते, वर्कशॉपमधले कामगार होते, एक टेम्पोवाला होता.

मी फॉर्म काढला. मावशींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. कागद कुठे पळून जात नाही, आधी जेव म्हणाल्या. जेवता जेवता मी त्यांना त्यांचा रकाना समजावून सांगितला.

“माझा हाटेल कधी झाला रे झिला?” त्यांनी मालवणीत विचारलं.

मी कमर्शियल सिलिंडरचं कारण दिलं. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या भागातल्या खानावळींमध्ये नियमाने कमर्शियल घेणाऱ्या त्या एकट्याच, बाकीच्या घरगुती सिलिंडरवरच भागवतात. म्हणजे माझ्या फॉर्म्युल्याने बरोबर प्रामाणिक माणसाला पकडलं होतं.

“गॅस वाढलो तर माका दर वाढवूक लागतलो,” त्या म्हणाल्या. “मगे ही माणसां वडापाव खावन रवतली. माझी खानावळ बंद.”

माझ्या शेजारी बबन टेम्पोवाले आमटीभात कालवत होते. ते म्हणाले, “साहेब, म्हणजे टेम्पोत डिझेल टाकलं की आकार, आणि इथे भात खाल्ला की परत आकार. आणि परतावा?”

मी टॅबवर त्यांचं नाव शोधलं. वाहनांच्या यादीत होतं. कुटुंबांच्या यादीत नव्हतं.

“तुमच्या नावावर गॅस कनेक्शन आहे का?”

“माझ्या नावावर इथे फक्त ताट आहे, साहेब.”

मी ताटं मोजली. दोन्ही पंगती धरून तेवीस. मावशींच्या गॅसला तेवीसने भागलं, तर माणशी खर्च माझ्या तीन माणसांच्या घरापेक्षा कमी आला. माझ्या घरात मुलगी केक शिकते, हेही खरं. पण मला परतावा मिळणार होता. आणि या तेवीस जणांना माझ्या हिशेबात पोटच नव्हतं.

ऑफिसात आमच्या बॉस नेहा मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी सगळं ऐकलं आणि घड्याळ बघितलं.

“सावंत, उद्या सकाळी प्रेझेंटेशन आहे. तुमची चूक मी समितीला सांगू?”

“नाही मॅडम. मी सांगतो.”

“अशा खानावळी किती आहेत?”

“माहीत नाही.”

“मग तेही सांगा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः माझ्या फॉर्म्युल्याची स्लाइड काढून टाकली. माझी नोकरी त्या दिवशी टिकली ती या बाईंमुळे.

समितीपुढे मी सगळं सांगितलं, घाम पुसत. अध्यक्षांनी ओरडण्याऐवजी महिनाभराची मुदत वाढवून दिली आणि आम्हाला गल्ल्यांमधून पायी हिंडायला लावलं. फॉर्ममध्ये नवा प्रश्न आला: या शेगडीवर रोज किती जण जेवतात? खानावळीला ‘हॉटेल’मधून काढलं. परतावा कनेक्शनवर नाही, जेवणाऱ्या माणसाच्या नावावर धरला.

योजना अजून आलेली नाही. कधी येईल ते मोठ्या साहेबांना ठाऊक. पण आराखड्यात बबनरावांचं नाव आता दोन्ही याद्यांमध्ये आहे. हे सांगायला मी पेढे घेऊन गेलो, तर मावशींनी पेढे पंगतीत वाटून टाकले आणि मला ताटावर बसवलं. खानावळ चालू आहे. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझं इतकं नीट ऑडिट कोणी केलं नव्हतं.

तेव्हापासून मी सर्व्हेला जाताना घरून जेवून निघत नाही.