विहिरीतलं मॉस

चिमाजी मूळचे पेठ तालुक्यातले. नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. पावसाळ्यात गावी गेले की दगडांवरचं मॉस, म्हणजे मखमली शेवाळ, खरवडायचं, वाळवून कागदाच्या पुडीत घालायचं, वर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं, हा त्यांचा नेम. गावच्या विहिरीतलं मॉस त्यांना त्र्यंबकच्या मॉसहून वेगळं वाटे. वाळताना त्याची पानं दुसऱ्याच बाजूला पीळ घेत.

विभागाचे मोठे सर हसायचे. "चिमाजी, तुझी विहीर काय जगावेगळी आहे? एकच जात ती."

चिमाजी पुडी कॉलेजच्या कपाटात ठेवून देत. सर शिकलेले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, २००६ साली, वेदिका नावाची संशोधक नाशिकातल्या द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या खोलीवर आली. मॉसचा डीएनए काढून कोण कोणाचं सख्खं, कोण चुलत, हे ती जुळवत होती.

"काका, तुमच्या एकाही पुडीतून डीएनए धड निघत नाही. कपाटात काही ठेवत होतात का?"

"फॉर्मालिनचा बोळा. दर पावसाळ्यात. बुरशी लागू नये म्हणून."

"अहो, त्यानंच घात केला!"

चिमाजींनी मान खाली घातली. जपता जपता सगळं त्यांनीच घालवलं होतं. विहीरही आता आतून सिमेंटनं लिंपलेली, तिथं मॉस उरलं नव्हतं.

मग त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी एक पुडी होती, कॉलेजात कधीच न दिलेली, म्हणून फॉर्मालिन न लागलेली. विहिरीचीच, १९९८ची. गोळा करणार : कुसाबाई.

"या कोण?"

"माझी बायको. माझा गुडघा सुजला व्हता, म्हणून तीच पायऱ्या उतरली. त्याच वर्षी दिवाळीआधी गेली." त्यांनी पुडी पुढं केली. "किती लागंल?"

"दोन-तीन पानं पुरे."

"घ्या. पुडी मात्र हितंच ऱ्हाऊ द्या."

चार महिन्यांनी पत्र आलं. विहिरीतलं मॉस वेगळंच निघालं होतं. त्र्यंबकच्या मॉसशी लांबचंच नातं. शोधनिबंधात गोळा करणाऱ्याचं नाव काय घालू, असं वेदिकानं विचारलं होतं.

चिमाजींनी पत्र दोनदा वाचलं. मोठे सर केव्हाच वारले होते. सांगावं तर शेजारच्या खोलीलाही कुलूप होतं.

त्यांनी पुडी उघडली. वाळलेलं मॉस पाणी लागताच पुन्हा हिरवं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. तांब्या हाताशीच होता. त्यांनी पाणी घातलं नाही. पुडी मिटून ट्रंकेत ठेवली, पोस्टकार्डावर लिहिलं, 'पुडीवर आहे तेच नाव घाला', आणि ते टपालपेटीत टाकायला हळूहळू द्वारका चौकाकडे निघाले.